जुने जाळे, नवी पाखरे



मुलांना काही शिकवावे म्हणून पूर्वी काढलेले व्यंगपट नव्याने काढण्याची टूम आज जगभर आहे. बापाने पाहिले ते मुलाने पाहावे, पण नव्या रंगात पाहावे, ही त्यामागची भूमिका. अर्थात व्यापाराचा हिशेबही त्यात आहेच. ओळखीचे नाव बाजारात लवकर खपते.

बंगळुरात बसून हा विषय काढण्याला कारण आहे. चित्रे हलविण्याच्या या धंद्यासाठी स्वतंत्र धोरण आखणारे कर्नाटक हे आपल्या देशातले पहिले राज्य. ते साल २०१२. येथील तरुण चित्रकारांनी परदेशांतल्या मुलांसाठी वर्षानुवर्षे चित्रे रंगविली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर या जुन्या विदेशी संस्थेचा डोलारा कोसळला, आणि तिच्या येथील मोठ्या चित्रशाळेलाही टाळे लागले. हात आपले होते, पण मुलांना कोणता पाठ द्यायचा हे बहुधा दूर कोठेतरी ठरत असे. म्हणून पुनर्निर्मितीचा विचार करताना मला रंगांपेक्षा पाठाची चिंता अधिक वाटते.

आपल्याकडे या प्रकारातला आदर्श म्हणावा असा एक लघुपट आहे : 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजनने तो १९७४ साली काढला. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, चित्रे भीमसैन यांची, आणि संगीत 'श्यामची आई'चे संगीतकार वसंत देसाई यांचे. पुढे साधना सरगम या नावाने गाजलेल्या गायिकेचा कोवळा बालस्वर त्यात आहे. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पुढल्याच वर्षी, १९७५-७६ मध्ये, उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्या राज्यांत कर्नाटकही होते. त्या प्रयोगातील शाळकरी मुलांच्या कार्यक्रमांच्या कामातही विजयाबाई होत्या. इतक्या मोठ्या माणसांनी अवघ्या सात-आठ मिनिटांच्या पोरखेळासाठी एकत्र यावे, हे आज नवलाचे वाटेल.

आता गंमत अशी की, हा लघुपट स्वतःच एक पुनर्निर्मिती आहे. पाखरे जाळ्यात सापडतात, जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेले उंदीर ते जाळे कुरतडतात, ही पंचतंत्रातल्या 'मित्रसंप्राप्ती'ची कथा. तेथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आहे. तो हिरण्यक उंदराला म्हणतो, आधी माझ्या परिवाराचे पाश तोड, मग माझे. कथा राजनीतीची आहे. राजाने कसे वागावे हे राजपुत्रांना सांगण्यासाठी रचलेली. १९७४ च्या चित्रपटात राजाच नाहीसा झाला. राजाची आज्ञा नाही, त्याग नाही. पाखरे मिळून जोर करतात, एवढेच. प्रजासत्ताकातल्या मुलांना राजपुत्रांचा पाठ कशाला, असा विचार कोणी बोलून दाखविला की नाही, कोण जाणे. पण चित्र तेच सांगते.

याहून मोलाचा बदल दुसरा आहे. गोष्ट सांगणारी ताई आहे आणि ऐकणारे धाकटे भावंड तिला मध्येच थांबवते. अनेक म्हणजे काय? व्याध म्हणजे कोण? ताई रागावत नाही, शब्द सोडवून देते आणि पुढे जाते. मिळून मोठे काम होते, हे ऐकताच पोर विचारते, मग या झाडाचे आंबेही काढता येतील का? तत्त्व हाती पडताच पहिली परीक्षा आंब्यावर! शिक्षणशास्त्राचे ग्रंथ ज्यासाठी पाने खर्ची घालतात, ते येथे एका प्रश्नात उरकले आहे.

अमेरिकेतही असे एक उदाहरण आहे. 'द मॅजिक स्कूल बस' ही विज्ञानाची मालिका १९९४ ते १९९७ या काळात दाखविली गेली. भागाच्या अखेरीस मुले निर्मात्याला टेलिफोन करीत आणि, 'हे तुम्ही खोटे दाखविलेत,' म्हणून हटकीत. निर्माताही कोठे कल्पनेची सवलत घेतली ते कबूल करी. २०१७ साली तिचा नवा अवतार आला. जुन्या बाईंच्या जागी त्यांची धाकटी बहीण आली. चित्रे सपाट झाली म्हणून जुने प्रेक्षक हळहळले. मला ती हळहळ फारशी पटत नाही. रेषा बदलल्या तर बदलू द्याव्यात. त्या मालिकेत जपण्यासारखी वस्तू होती तो टेलिफोन.

आता समजा, बंगळूरच्याच चित्रकारांनी 'एक अनेक' नव्याने काढायचा ठरविला, मराठीत आणि कन्नडमध्ये. काम वाटते तितके सोपे नाही. 'एक' या शब्दातच नकार घालून 'अनेक' होतो, हा त्या गाण्याचा कणा. मराठीत तो शाबूत राहतो. कन्नडमध्ये 'अनेक' आहे, पण एकाला म्हणतात 'ओंदु'. तेथे तो कणा मोडतो आणि कवीला दुसरी युक्ती शोधावी लागते.

मराठीतली अडचण वेगळी आणि अधिक नाजूक आहे. 'व्याध' म्हणजे कोण, या प्रश्नाला मराठी ताई सहज उत्तर देईल : 'पारधी'. पण पारधी हे आज जिवंत माणसांच्या समाजाचे नाव आहे. फासेपारध्यांचे तर नावच फाशावरून पडले. ब्रिटिश अमदानीतील कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का पुरता पुसला गेलेला नाही. वर्गात त्या समाजाचा एखादा मुलगा बसलेला असेल आणि पडद्यावर एकीचे गाणे चालू असताना त्याच्याच नावाचा माणूस पाखरांचा वैरी म्हणून येईल, तर त्याने त्या 'अनेकां'त स्वतःला कोठे मोजावे? कन्नडवाल्यांचीही सुटका नाही. शिकाऱ्याला तेथे 'बेड' म्हणतात, आणि तेही एका समाजाचे नाव आहे.

१९७४ मध्ये संस्कृत 'व्याध' आणि हिंदी 'चिडीमार' यांवर निभावले. आज मराठीत लिहिणाऱ्याने या एका शब्दापाशी दिवसभर थांबावे. मला सुचलेले उत्तर साधेच आहे. धाकट्याने विचारावे, व्याध म्हणजे कोण गं ताई? आणि ताईने म्हणावे, अरे, जाळे लावून बसलेला माणूस. मग तो लगेच विचारील, त्याला भूक लागली होती का? त्याचेही उत्तर ताईजवळ तयार असले पाहिजे.