विद्यालयांचे एक लहान गाव
(धर्मग्रामाच्या महोत्सव-सप्ताहात केलेले भाषण)



अमेरिका म्हटली म्हणजे गगनचुंबी इमारती आणि अखंड धावणाऱ्या मोटारी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु आपली जी मुले तिकडे विद्यार्जनास जातात, त्यांतील कित्येकांच्या वाट्यास न्यूयॉर्क येत नाही; मक्याच्या शेतांनी वेढलेले एखादे लहान गाव येते. सबब मिनेसोटा संस्थानातील नॉर्थफील्ड गावाविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन नॉर्थ नामक गृहस्थाने १८५५ साली कॅनन नदीच्या काठी हे गाव वसविले. १८६६ साली पूर्व बाजूस कार्लटन कॉलेज निघाले आणि १८७४ साली नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरपंथीयांनी सेंट ओलाफ स्थापिले, ते आज पश्चिमेच्या टेकडीवर आहे. २०२० च्या खानेसुमारीत लोकवस्ती २०,७९० भरली. त्यांत सुमारे ५,००० विद्यार्थीच!

सकाळी गावावर धान्य भाजल्याचा गोडसर वास पसरतो. तो नाश्त्याचे पदार्थ करणाऱ्या कारखान्याचा होय. हिवाळ्यात नदी गोठते, बर्फ उपसल्यावाचून दाराबाहेर पाऊल पडत नाही. नोव्हेंबरअखेर कार्लटनला सहा आठवड्यांची सुट्टी लागली की न्हाव्यापासून खाणावळवाल्यापर्यंत सर्वांचे गिऱ्हाईक रोडावते. शिवाय अशा खासगी विद्यालयांच्या शैक्षणिक इमारतींवर घरपट्टी बसत नाही. रस्त्यांचा व अग्निशामक दलाचा भार मग घरवाल्यांनी व दुकानदारांनी अधिक उचलावयाचा, ही कुरकुर अशा गावांतून जुनीच आहे, आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे असे आम्हांस वाटत नाही. इकडे सेंट डॉमिनिकच्या देवळात रविवारच्या मिस्सेस शेतकरी, कारखान्यातील कामकरी व विद्यार्थी एकाच बाकावर गुडघे टेकतात, हेही सांगितले पाहिजे.

गाव आणि विद्यालय यांचा संबंध कसा होता, ते ७ सप्टेंबर १८७६ च्या दुपारी दिसून आले. जेसी जेम्सच्या टोळीतील आठ दरोडेखोर गावात शिरले व त्यांतील काही फर्स्ट नॅशनल बँकेत घुसले. कॅशियरच्या जागी त्या दिवशी जोसेफ ली हेवूड होता. कार्लटनचा खजिनदारही तोच. त्या काळी ठेवींस सरकारची हमी नव्हती. तिजोरी रिकामी झाली असती तर गिरणीवाल्यापासून विधवेपर्यंत ज्याने त्याने आपला तोटा स्वतःच सोसला असता. पिस्तूल डोक्यास लावले तरी हेवूडने तिजोरी उघडली नाही. त्यास गोळी घालण्यात आली. बाहेर लोखंडी सामानाच्या दुकानदाराने हाकाटी केली, गावकऱ्यांनी बंदुका आणल्या, आणि सुट्टीवर आलेल्या हेन्री व्हीलर नामक वैद्यकीय विद्यार्थ्याने हॉटेलच्या खिडकीतून नेम धरला. अवघ्या काही मिनिटांत दोन दरोडेखोर रस्त्यावर मरून पडले. स्वीडनहून आलेला निकोलस गुस्ताव्हसन नावाचा एक निरपराध मनुष्यही जखमी होऊन पुढे वारला. त्यास इंग्रजी इशारा समजला नाही असे सांगतात.

आता दर सप्टेंबरात तो प्रसंग रस्त्यावर करून दाखवितात. घोडे, धूर, खेळणीवाले सर्व काही असते. आम्हांस मात्र त्या गर्दीपेक्षा बँकेची ती इमारत पाहावीशी वाटते. ती जतन केलेली असून तेथे संग्रहालय आहे, आणि नवे विद्यार्थी गावात येतात तेही याच महिन्यात.