गॅस गेला कुठे?

(जुईनगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या मालेचं कालचं पुष्प संतसाहित्यावर होतं, परवाचं मधुमेहावर. आज गाडीचा एसी. निमंत्रणपत्रिका वाचून आमच्या शेजारच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "अहो, हा काय व्याख्यानाचा विषय झाला?" मी म्हटलं, काका, न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती ऐन उकाड्याच्या दिवसांत. उकाड्यावर कुणी बोललं तर ते रागावणार नाहीत. काका आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांच्या गाडीचा एसी आठवडाभर बंद आहे, हे मात्र ते तुम्हाला सांगायचे नाहीत.

मी एकोणतीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतोय. आधी तुर्भ्याला दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःच्या गाळ्यात. गाळ्यात पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस संपलाय, भरून द्या." मला आज बोलायचंय ते या एका वाक्याच्या विरोधात. गॅस संपत नसतो हो! पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही, तो बंद नळ्यांमधून नुसत्या फेऱ्या मारतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडाफार झिरपतो, ते सोडून द्या. बाकी तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळलाय. आणि कितीदा तरी तो कमी झालेलाच नसतो, दुखणं भलतीकडेच असतं.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते, तिथे गार लागतं. स्पिरिट उडून जाताना कातडीतली उष्णता घेऊन जातं. एसीत हेच चालतं, फक्त उडून गेलेलं आपण पुन्हा पकडून आणतो. आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये जो आर-134ए नावाचा गॅस असतो, तो उघड्या हवेत उणे 26 अंशांवर उकळतो. डॅशबोर्डच्या मागे एक जाळी असते, तिला आम्ही कूलिंग कॉइल म्हणतो. तिच्यात हा द्रव उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ खेचतो, दाबतो, ती तापते. तापलेली वाफ गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन टाकते आणि तिचा पुन्हा द्रव होतो. पुढे ड्रायर, तो ओल टिपतो. त्यापुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे एक बारीक भोक. भोकातून सुटला की दाब पडतो, द्रव गार होतो आणि पुन्हा कॉइलमध्ये उकळायला तयार. थंडी कुठे तयारच होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची, एवढंच हमालाचं काम आहे. म्हणून एसी बिघडला की मी विचारतो: हमाल कुठे अडलाय? उचलताना, वाटेत, की टाकताना?

आता आपल्या जुईनगरची गोष्ट. जळगावला मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, आपल्याकडे 34-35. पण खाडीची ही दमट हवा आपल्या एसीला जास्तीचा धंदा लावून देते. हवा गार करताना तिच्यातलं पाणीही पिळून काढावं लागतं. वाफेचं एक लिटर पाणी होताना एवढी उष्णता सुटते, की तिच्यात नळाचं सातेक लिटर पाणी उकळीला येईल! ही सगळी कॉइलला सोसावी लागते. तेव्हा गाडी उभी केल्यावर खाली पाण्याचं थारोळं दिसलं तर घाबरू नका, एसी काम करतोय. पाणी खाली न पडता शेजारच्या सीटखालचं मॅट भिजत असेल, तर निचऱ्याची नळी कचऱ्याने तुंबलीये. नळी साफ करायची. त्यासाठी कुणी गॅस भरा म्हणालं, तर नमस्कार करून निघायचं.

माधवनिदान हा आयुर्वेदातला ग्रंथ सबंध निदानालाच वाहिलेला आहे, असं आमच्या एका वैद्य गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं. औषध नंतर, आधी रोग ओळखा. आमच्या धंद्यात उलटं चालतं, कारण गॅस भरायचे पैसे लगेच मिळतात आणि गळती शोधायचे द्यायला गिऱ्हाईक का-कू करतं. दोष एकट्या मिस्त्रीचा नाही.

एक प्रसंग सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी एक टॅक्सीवाले दादा आले. इथलेच, रोज विमानतळाच्या फेऱ्या. म्हणाले, "एका उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला, तरी पॅसेंजर शिव्या घालतात." मी विचारलं, गार कधी होते नि गरम कधी? आधी त्यांना प्रश्नच उमगला नाही. मग आठवून सांगितलं, "वाशीच्या पुलावर झकास. सिग्नलला उभं राहिलं, मानखुर्दला अडकलं, की गरम वारा." मला अर्धं उत्तर तिथेच मिळालं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरवर आपोआप आपटतो. गाडी थांबली की तो वारा पंख्याने द्यायचा असतो. म्हणजे हमाल ओझं टाकताना अडलाय.

बॉनेट उघडलं, एसी लावला. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' करून बसला, पण पंखा ढिम्म. दादा म्हणाले, "पंखा चालतो की, मी बघितलाय." तेही खरं होतं. पुष्कळ गाड्यांत त्या पंख्याला दोन वेग असतात. एसी लावला की मंद वेग, आणि इंजिन बरंच तापलं की जोराचा. मंद वेगाची वीज एका रेझिस्टरमधून येते. तो जळाला की मंद वेग मरतो आणि जोराचा जिवंत राहतो. इंजिन तापून बंद पडत नाही, काटा वर चढत नाही, म्हणून पंख्यावर कुणाचा संशयच जात नाही. गेज लावलं तर हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढचा दाब, चारशे पीएसआयच्या वाटेला. आपल्या उन्हाळ्यात चालू एसीला ती साधारण 200 ते 250 असावी. शिवाय मशीनने गॅस काढून तोलला, तर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाच्या दीडपट भरला! आधीच ओझं टाकायला जागा नाही, त्यात तीन वेळा ओझं वाढवलेलं. रेझिस्टर बदलला, स्टिकरवर होता तेवढाच गॅस तोलून भरला. कंडेन्सरची जाळी बाहेरून पाण्याने धुतली, तर तिच्यातून वाळलेली पानं नि चिलटं पसाभर निघाली.

इतका गॅस आधीच्या मिस्त्रीने भरला कसा, हे समजून घ्यायला स्वयंपाकघरात चला. आपला गॅसचा सिलिंडर. शेगडीची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत बहुतेक तशीच असते, आणि पाहुणे आले असताना फस्सकन जाते. असं का? तर आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी वरचा दाब तेवढाच राहतो. तो दाब किती, हे तापमान ठरवतं. आत किती उरलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून जाणत्या बायका सिलिंडर हलवून बघतात किंवा त्याच्यावर ओलं फडकं फिरवतात. गाडीच्या एसीत तस्संच. बंद गाडीला गेज लावा, 30 अंशांच्या हवेत काटा शंभर पीएसआयच्या किंचित अलीकडे थांबणार. आत दोनशे ग्रॅम असो की साडेचारशे! त्या काट्याकडे बघून "प्रेशर बरोबर आहे" म्हणणारा मिस्त्री सिलिंडरच्या ज्योतीकडे बघून महिना मोजतोय. चालू एसीतही नुसत्या दाबावर भरलेला गॅस हा अंदाजच असतो. खरी मापणी वजनकाट्याची. तुमचा मिस्त्री काटा वापरत नसेल, तर तसं तोंडावर विचारा. राग आला तर आला.

आता माझी फजिती. सांगायला लाज वाटते, पण इथे बरीच मुलं आयटीआयला जाणारी दिसतायत, त्यांना उपयोगी पडेल. धंद्याच्या सुरुवातीला एका गाडीचा गॅस दर दोन महिन्यांनी जायचा. पुढचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, कंडेन्सर तपासला, कुठे बुडबुडा नाही. मग मी शहाण्यासारखा निष्कर्ष काढला: कूलिंग कॉइलच गळतेय. ती डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे सगळा डॅशबोर्ड उतरवायचा. दोन दिवस खपून उतरवला. कॉइल अगदी चांगली निघाली. गॅस जात होता तो भरायच्या तोंडातून! तिथे सायकलच्या ट्यूबसारखी एक पिन असते, ती हलकीशी गळत होती. तिच्यावर एक प्लॅस्टिकची टोपी असते. तिच्या आतलं रबर दुसरं कुलूप असतं, ती नुसती धूळ अडवायला नसते. कुणीतरी गॅस भरताना ती काढून बॉनेटवर ठेवली असणार नि विसरला असणार. आणि मी साबणाचं पाणी सगळीकडे लावलं, तिथेच लावलं नव्हतं. तेव्हापासून मी आधी टोप्या बघतो.

गळती सापडेपर्यंत पुन्हा भरत राहण्यात नुसते पैसे जात नाहीत. पूर्वीच्या आर-12 गॅसने ओझोनचा थर खाल्ला, म्हणून 1987 साली मॉन्ट्रियलचा करार झाला, 1992 मध्ये आपण त्यात सामील झालो, आणि आर-12 जाऊन 134ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही. पण हवा तापवण्यात एक किलो 134ए म्हणजे तेराशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा एक भरणा हवेत सोडला, तर अडीचशेहून जास्त लिटर पेट्रोल जाळल्यासारखं.  म्हणूनच 2016 च्या किगाली दुरुस्तीनंतर जग हाही गॅस कमी करत चाललंय, भारताने 2021 मध्ये तिला मान्यता दिली. नव्या गाड्यांसाठी आलेला 1234वायएफ थोडा ज्वलनशील आहे. त्याचं नळकांडं वेगळं, जोडणी वेगळी. एकाच्या जागी दुसरा घालायचा नाही.

गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम मारायचा, अर्धा तास तरी. ही पायरी घाईत गाळली जाते. दाब पुरेसा खाली नेला, की आतली ओल साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. ती राहिली तर व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ धरतो. एसी दहा मिनिटं गार, मग गरम. बंद करून लावला की परत दहा मिनिटं गार. असं झालं की गिऱ्हाईक म्हणतं, भुताटकी आहे. भूत-बित काही नाही, ते आपल्याच खाडीचं पाणी असतं.

बाकीचं भराभर सांगतो. वारा आधी जोरात नि मग मंद होत गेला, तर केबिन फिल्टर काढून बघा, नाहीतर कॉइलवर बर्फ साचतोय. गेजचे दोन्ही काटे चालू एसीतही जवळजवळ सारखेच, तर कॉम्प्रेसर दाबतच नाही. पाइप गार पण वारा गरम, तर हीटरची झडप अडकलीये. कुबट वास येत असेल, तर घरी पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करा, ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल वाळेल. आणि ट्रकवाल्या बंधूंनो, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. बाजार समितीत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये तो आता दिसू लागेल. तुमच्या कंडेन्सरवर भाजीपाल्याची, कांद्याच्या सालींची धूळ बसणार. तो दर महिन्याला धुवा.

आता बोलणं पुरे. बाहेर काकांची गाडी बॉनेट उघडून लावून ठेवलीये, त्यांची परवानगी मी आत्ताच घेतोय. इंजिन चालू आहे, एसी लावलाय. एकेकाने या. कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या जाड पाइपला हात लावून बघा: तो गार, ओलसर लागला पाहिजे. मग कॉइलकडे जाणारा बारीक पाइप बघा, तो गरम असतो, पण भाजणारा नको. कॉम्प्रेसरमधून निघून कंडेन्सरला जाणाऱ्या पाइपला मात्र हात लावायचा नाही, तो पोळतो. पहिल्या दोन पाइपांत काहीच फरक लागला नाही, तर मला सांगायचं नाही, काकांना सांगायचं. आणि पंखा केव्हाही एकदम सुरू होतो, तेव्हा वाकताना ओढण्या, साडीचे पदर आणि मफलर आवरून धरा. मुलांनी पुढे या, मोठ्यांनी जरा थांबा.