दीड मीटरची उधळपट्टी



शासकीय उधळपट्टी म्हटली की भ्रष्टाचार आठवतो. पण निव्वळ बेफिकिरीनेही जनतेचा पैसा वाया जातो. मुंबईतील अंधेरीचा गोखले पूल पाहावा. धोकादायक ठरल्याने तो ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली आणि दिसले काय? लगतचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नव्हता. उंचीत सुमारे दीड मीटरचा फरक! म्हणे, रुळांवरील पुलांची उंची वाढवण्याचा रेल्वेचा निकष आडवा आला. निकष ठाऊक होता, तर जोडणीचा विचार नकाशावरच का झाला नाही? अखेर आयआयटी व व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, जॅक लावून, बर्फीवाला पुलाचा भाग उचलावा लागला. अभियंत्यांचे हे कौशल्य वाखाणण्याजोगेच. पण त्याची वेळच का यावी? ४ जुलै २०२४ रोजी जोडणी खुली झाली. मधल्या चार महिन्यांचा मनस्ताप अंधेरीकरांच्या माथी आणि खर्च करदात्याच्या. आपल्या प्रभागात पुढचे भूमिपूजन ठरेल, तेव्हा नारळ फुटण्याआधी आराखडा पाहण्यास मागावा. माहितीचा अधिकार २००५ पासून नागरिकांच्या हाती आहे.