अंगठा माझाच, पण…



नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकामागचं शेपूट, असं आपण समजत होतो. पुढे मी ग्रामसेवक झालो आणि तेच शेपूट धरून माझा संसार चालला.

आज गुरुजींसमोर एक कबुली द्यायची आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल ती. माणसं जमत नसत. नोकरीच्या सुरुवातीला मी शिपायाकडून रजिस्टर घरोघर फिरवलं, सह्या-अंगठे घेतले. सभा कागदावर झाली. त्यातच नळाच्या लाइनचा ठराव झाला आणि पाइप वाडीच्या अलीकडे थांबला. पुढच्या सभेत वाडीवरची एक आजी उठून म्हणाली, “साहेब, अंगठा माजाच हाय. पण मला इचारलं कव्हा?”

मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर गणपूर्ती नसली की सभा तहकूब केली, पण रजिस्टर फिरवलं नाही. दवंडी दिली, आधी महिलांची सभा घेतली. तिथं पहिला विषय पाण्याचाच निघाला. वाडीला नळ आला, पण दोन उन्हाळे उशिरा. ते दोन उन्हाळे माझ्या खात्यावर आहेत.

73व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. आपल्या राज्यात निम्म्या जागा महिलांना आहेत. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. तरी रोजची दिवाबत्ती, झाडलोट, पाणी यांसाठी घरपट्टी-पाणीपट्टीच कामी येते. औंढ्यात आता नगरपंचायत आहे. पण आपल्यातल्या कित्येकांची गावं ग्रामपंचायतीतच आहेत. तिथं नमुना नंबर आठला वडिलांचं नाव, दाराला कुलूप आणि घरपट्टी थकलेली! एवढी बाकी भरा. ज्यांचं मतदान गावात आहे, त्यांनी सभेला बसा.

नागनाथाच्या देवळाची आख्यायिका आपण सगळे ऐकत आलो. नामदेवांना देवळामागे जायला सांगितलं. ते तिथं बसून कीर्तन करत राहिले आणि देऊळ फिरलं. पंचायतही फिरते. फक्त कुणीतरी उठून न जाता बसून राहावं लागतं.

गुरुजी, तुमचा तो धडा मला त्या आजीनं पुन्हा शिकवला.