पाण्याचा हिशेब ठेवा !



मृगाचा पाऊस पडला, आपण पेरणी केली, आणि पुढें तीन आठवडे आभाळ कोरडें राहिलें, असा प्रसंग आपल्या अवर्षणी मुलखांत कोणाच्या घरीं आला नाहीं ? पीक माना टाकूं लागलें कीं आपण दैवाला बोल लावतों, देवाला नवस बोलतों, आणि शेवटीं कर्ज काढून बोअर घेतों. आम्हींही हेंच केलें. आमच्या रानांत तीन बोअर झाले. पहिल्याला दोन वर्षें पाणी होतें, दुसऱ्याला एक उन्हाळा, तिसऱ्यांतून नुसता फुफाटा निघाला. बैलजोडी गेली, कर्ज मात्र राहिलें. म्हणून आज बोलणार आहों तें पुस्तकी पांडित्य नव्हे. ठेच खाऊन आलेलें शहाणपण आहे.

आधीं आभाळ काय देतें तें मोजूं. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दुष्काळी तालुक्याचा पाऊस. पण तेवढा पडला तरी एका एकरावर सुमारें २० लाख लिटर पाणी उतरतें. दहा हजार लिटरचे दोनशें टँकर ! त्यांतलें पुष्कळसें बांध फोडून वाहून जातें, जातांना माती नेतें, आणि आपण उन्हाळ्यांत एका टँकरसाठीं हात जोडून उभे राहतों. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांत त्यांनीं सरकारला सुचविलें कीं, लष्कराच्या व पोलिसांच्या हातून जागोजाग तालीबंधारे घालून घ्यावे, म्हणजे पावसाचें पाणी आधीं शेतांत मुरेल व मग नदीनाल्यास मिळेल. आज ज्याला पाणलोटाचें काम म्हणतात, त्याचें मर्म तें हेंच.

तेव्हां पहिलें काम पाणी मुरविण्याचें. नांगरट व पेरणी उताराला आडवी करा. बांध समपातळींत घाला. ओढ्याचें काम माथ्याकडून पायथ्याकडे न्या; पायथ्याचा बंधारा आधीं बांधाल तर दोन पावसाळ्यांत तो गाळानें भरेल.

दुसरें काम ओल राखण्याचें. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें आपले वाडवडील सांगत आले; तें खरें आहे. रब्बी ज्वारीस तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत कोळपें फिरलें म्हणजे काळ्या रानाच्या भेगा बुजतात व खालची ओल उडून जात नाहीं. ओळींमध्यें पालापाचोळा, भुसा पसरला तरी तेंच साधतें.

ज्याला जमेल त्यानें शेततळें घ्यावें. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यांत २० लाख लिटरांवर पाणी मावतें. एका एकराला ५० मिलिमीटरचें एक पाणी द्यावयाचें तर २ लाख लिटर लागतें. ऊन व पाझर यांत निम्में गेलें असें धरलें, तरी पांच एकरांचें पीक एका पाण्यानें हातीं लागतें. तें एक पाणी ज्वारी पोटरींत असतांना, हरभरा फुलोऱ्यास येतांना द्यावें. ठिबक असेल तर तेंच पाणी आणखी लांब पुरेल. मात्र तळें वाहत्या पाण्यानें भरा. विहिरीचें पाणी उपसून उघड्या तळ्यांत सांठविणें म्हणजे शेजाऱ्याची विहीर कोरडी करून सूर्याला पाणी पाजणें होय.

येथेंच तिसरें व सर्वांत अवघड काम येतें, तें वांटणीचें. कोणी म्हणेल, विहीर माझी, पाणी माझें. पण भुईच्या पोटांतलें पाणी कोणाचा सातबारा पाहून वाहत नाहीं. उसाच्या एका एकराचें पाणी ज्वारीच्या चार एकरांस पुरतें. मग तालेवाराचा ऊस डोलावा आणि खालच्या गरिबाची ज्वारी करपावी, हा न्याय कोणता ?

वांटणी आपल्या लोकांस नवी नाहीं. धुळें व नाशिक भागांत पांझरा, मोसम या नद्यांवर फडपद्धत कित्येक पिढ्या चालली. एका फडांत सर्वांचें एकच पीक, प्रत्येक फडांत ज्याचा त्याचा तुकडा. पाणी कमी पडलें तर एखादा फड सर्वांनीं मिळून कोरडा ठेवावयाचा. झळ सर्वांस सारखी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणें जिल्ह्यांत, पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें, विलासराव साळुंखे या इंजिनियर गृहस्थांनीं पाणीपंचायत उभी केली. तिचा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, माणसांच्या मोजणीनें द्यावयाचें. माणशीं अर्धा एकर, घराला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी विकतां येणार नाहीं. ऊस लावावयाचा नाहीं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें पाणी अडविलें, शेतीसाठीं बोअर बंद केले, आणि दरवर्षीं ग्रामसभेंत पाणी मोजून पिकें ठरविण्याची रीत घातली. हीं गांवें सोन्याच्या खाणीवर वसलेलीं नव्हतीं. पाऊस त्यांनाही आपल्याइतकाच बेताचा.

बंधूंनो, सरकारकडे जें मागावयाचें तें जरूर मागूं. तो आपला हक्क आहे. पण गांवच्या विहिरींत किती हात पाणी आहे, हें मोजण्यास कोणाची मंजुरी लागत नाहीं. परतीचा पाऊस सरला कीं ग्रामसभा भरवा. विहिरी मोजा. माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढा. उरेल त्यावर पिकें ठरवा. त्या सभेंत बायांना पुढें बसवा, कारण पाणी आटलें कीं कंबर त्यांचीच मोडते. आणि ज्याला जमीन नाहीं त्यालाही बोलवा.

आमचे तीन बोअर आम्हांला एवढेंच शिकवून गेले : एकट्यानें खोल जाऊन पाणी लागत नाहीं, मिळून हिशेब ठेवल्यानें पुरतें. तुमच्या बैलजोडीवर ती पाळी येऊं नये, एवढ्यासाठींच हे चार शब्द.