एका बेडकाची उसाभर

मागच्या पावसाळ्यात परसातलं गवत काढताना माझा कोयता एका मोठ्या पिवळसर बेडकाला लागला. मागच्या पायाची दोन बोटं तुटली. धाकटी लेक रडवेली होऊन म्हणाली, "अब्बा, तुम्ही केलंत, आता तुम्हीच बरं करा."

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते हसले नाहीत. म्हणाले, "जखमेला घरातलं जंतुनाशक लावू नका. बेडूक कातडीतून पाणी पितो, श्वासही घेतो. वर लावाल ते आत जाईल. ओल्या हातानंच धरा, शांत, अंधाऱ्या जागी ठेवा."

मग जुन्या टबात ओलं फडकं, लपायला फुटकं मडकं, वर जाळी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला बाधतं, म्हणून पागोळ्यांचं पाणी. तेही रोज बदलायचं. गांडूळ निपचित पडलं असेल तर तो बघायचाही नाही. वळवळलं की झडप! गिळताना डोळे मिटायचा. डोळे आत ओढून बेडूक घास खाली ढकलतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

एका रात्री लेकीनं विचारलं, "अब्बा, याला धरायचं तुम्हाला इतकं बरोबर कसं जमतं?"

खोटं बोलवेना. १९८५च्या पावसाळ्यात आम्ही गावची पोरं पेट्रोमॅक्स घेऊन रात्री शेतात उतरायचो. उजेडानं दिपलेला बेडूक जागचा हलत नाही. पोत्यात भरून व्यापाऱ्याच्या माणसाला विकायचो. मागचे पाय कापून परदेशी जायचे; उरलेला बेडूक उकिरड्यावर, कधीकधी जिवंतच. १९८७ मध्ये सरकारनं ही निर्यात बंद केली, तेव्हा आम्ही बुडालेल्या कमाईसाठी हळहळलो. दादीनं मात्र त्या पैशाला कधी हात लावला नाही. औषधासाठीसुद्धा बेडूक मारू नये, असं पैगंबरांनी एका वैद्याला सांगितल्याची हदीस ती ऐकवायची. मला ती म्हातारीची कटकट वाटे.

लेक बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उद्या गांडुळं मी आणते."

सतराव्या दिवशी जखमेवर कातडी धरली. बोटं उगवली नाहीत. बेडूकमाशाचा पाय पुन्हा फुटतो, मोठ्या बेडकाचा नाही. संध्याकाळी, पाऊस असताना, त्याला विहिरीजवळच्या खाचरात सोडलं. पहिली उडी तिरकी गेली, दुसरीही. मग दिसेनासा झाला.

एक बेडूक वाचवून पोत्यांचा हिशेब फिटत नाही. पण आता कोयता चालवण्याआधी मी काठीनं गवत हलवून बघतो. तुम्हीही एवढं करा, इतकंच सांगायचं होतं.