शौचकूपाची नळी कशी निवडावी?

रावेर-यावलकडील केळीचा बागाईतदार शेतासाठीं नळी घ्यावयास जळगांवच्या बाजारांत आला, म्हणजे दुकानदाराची सत्त्वपरीक्षाच पाहतो. नळी किती दाबाची, किती जाड, उन्हांत टिकेल कीं तडकेल, हें विचारल्यावांचून तो पैसे मोजीत नाहीं. खानदेशास नळांचा परिचय जुना आहे. १८८४ सालीं सरकारी नोकरींत शिरलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांकडे धुळें भागांत काम आलें, तें पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधण्याचें. पुढें जळगांवीं पी.व्ही.सी. नळ्यांचा मोठा धंदाच उभा राहिला. परंतु तोच चिकित्सक बागाईतदार घरच्या शौचकूपाच्या फ्लश टाकीस पाणी देणारी हातभर नळी मात्र प्लंबर देईल ती निमूटपणें पत्करतो.

वस्तु लहान, पण हानि मोठी. ही नळी रात्रंदिवस पाण्याच्या दाबाखालीं असते. मध्यरात्रीं ती निसटून मिनिटास १० लिटर पाणी वाहूं लागलें, तर गच्चीवरील १,००० लिटरची टाकी १०० मिनिटांत रिती होते. जेथें नळाचें पाणी दिवसाआड किंवा त्याहूनहि उशिरां येतें, तेथें अशा सकाळीं घरांतील बायांवर शेजारीं हंडा घेऊन जाण्याची पाळी येते.

नळी घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली नळीचें अंतरंग. बाहेरचें चकचकीत पोलादी जाळें पाणी धरीत नाहीं. पाणी धरते ती आंतील रबरी वा प्लास्टिकची नळी. जाळें तिला फुगूं देत नाहीं, इतकेंच. म्हणून चकाकीवर न भुलतां आंतील नळी जाड व लवचिक आहे ना, हें टोंकाशीं पाहावें.

दुसरी गोष्ट नट. तो पितळेचा असावा; प्लास्टिकचा नट फार आवळल्यास बारीक चीर पडते व ती कित्येक महिन्यांनीं दगा देते. येथें पाणी अडवितो तो आंतील रबरी वॉशर, आटे नव्हेत. तेव्हां या नटावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याचें कारण नाहीं. नट हातानें बसवावा आणि पान्यानें पाव वेढा द्यावा; टाकीच्या प्लास्टिकच्या तोटीवर हाताचाच जोर पुरे.

तिसरी गोष्ट लांबी. १२, १८ व २४ इंच अशा नळ्या मिळतात. अँगल कॉकपासून टाकीपर्यंत सुतळीनें माप घ्यावें व नळीस सैल वळण राहील इतकी लांबी घ्यावी. ताणलेली, पिळलेली किंवा मुरगळलेली नळी लवकर जाते.

दाबाचाहि विचार हवा. पाण्याच्या दर १० मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलोचा दाब पडतो. दुमजली घराच्या गच्चीवरील टाकीचा दाब बेताचाच. पण दाब वाढविणारा पंप बसविला असल्यास त्याच्या दाबास पुरेल अशीच नळी मागावी. हातांत धरावयाच्या जेटची नळी सतत दाबाखालीं ठेवण्यासाठीं नसते. काम होतांच तिचा कॉक बंद करावा.

बसविल्यावर निगा राखावी. शौचकूप धुण्याच्या आम्लाची वाफ व शिंतोडे पोलादी तारेसहि खातात. म्हणून नळीवर नंतर स्वच्छ पाणी ओतावें. तार तुटली, गंज चढला किंवा नळी फुगली, तर ती गळण्याची वाट पाहूं नये. आपल्याकडील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी बहुधा जड. त्यांतील चुना कॉकांत सांठतो आणि ऐन वेळीं कॉक फिरत नाहीं. महिन्यांतून एकदां तो मिटून उघडावा. आणि वणीच्या यात्रेस किंवा लग्नकार्यास घर बंद करून निघतांना, दारास कुलूप घालण्यापूर्वीं, हा कॉक मिटला आहे ना, तें पाहावें.